माशांच्या पाण्यावरचा पालक

मी जन्मात कधी मासा हातात धरला नव्हता. माहेरी अंडंसुद्धा अंगणात वेगळी चूल मांडून शिजायचं, आणि सासरी तेही नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून, शाळेत मासे पाळायचे आहेत आणि ते तुम्ही पाळायचे आहेत, असं सांगितलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण ते गंभीर होते. पुण्याच्या एका संस्थेनं तालुक्यातल्या काही शाळा निवडल्या होत्या, त्यात आमची होती, आणि विज्ञान शिकवणारी मी एकटीच होते. शिवाय मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना एव्हाना माहीत झालेलं होतं.

आमची शाळा सेनगाव तालुक्यात, पुसेगावहून आत गेलेल्या एका गावात आहे. आठवीपर्यंतची, जिल्हा परिषदेची. मी हिंगोलीहून स्कूटीवर ये-जा करते. रस्ता अर्धा चांगला आहे आणि अर्धा दर पावसाळ्यात नव्यानं वाईट होतो. शाळेला कंपाउंड आहे, बोअर आहे, आणि मागच्या बाजूला मुलींच्या मुतारीशेजारी थोडी रिकामी जागा आहे. तिथं ती निळी टाकी येऊन बसली.

प्रशिक्षण हिंगोलीतच झालं. शिकवायला एक तरुण इंजिनिअर होता, बोलायला नम्र, स्वतःच्या कामावर जीव असलेला. त्यानं फार सोपं करून सांगितलं. टाकीत मासे. मासे पाणी घाण करतात. ते पाणी मोटर वर चढवते आणि भाजक्या मातीच्या गोट्यांनी भरलेल्या वाफ्यात सोडते. त्या गोट्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते घाणीचं खत करतात, भाजीची मुळं ते खत शोषून घेतात, आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. माती नाही, युरिया नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार केला तर पाणीही फार थोडं. मला ते मनापासून आवडलं. सातवीच्या पुस्तकातली अन्नसाखळी मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत होते. ती आता माझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून दिसणार होती.

एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. टाकी भरल्याबरोबर मासे सोडू नका. आधी महिनाभर पाणी नुसतं फिरवा, जिवाणू बसू द्या. "पाणी पिकू द्या," असा त्याचा शब्द होता. पाणी पिकतं ही कल्पनाच मला नवी होती. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितली, तर तो म्हणाला, आंब्यासारखं आढीत घालायचं का.

टाकी बसली, पाइप जोडले, मोटर सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात त्याच संस्थेकडून निरोप आला की उद्घाटन ठरलं आहे. पाहुण्यांना तेवढीच एक तारीख मोकळी होती. मी इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, पाणी पिकलेलं नाही, तुम्हीच सांगितलंत. तो म्हणाला की मॅडम, बरोबर आहे तुमचं, पण हे माझ्या हातात नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, दोनचार दिवस मागेपुढे झालं तर माशांना काय कॅलेंडर कळतं.

उद्घाटन झालं. शामियाना, सनई, मुलींचं स्वागतगीत. पाहुण्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चिलापीची बोटुकली टाकीत सोडली, बोटाएवढी पिल्लं, रुपेरी, चपळ. फोटो निघाले. एका फोटोसाठी रिकामी पिशवी पुन्हा भरून पुन्हा सोडायला लावली. पाहुणे गेल्यावर मुलं टाकीभोवती अशी गोळा झाली की वर्गात आणायला मला छडी नसताना छडीचा आवाज काढावा लागला.

आठवडा संपायच्या आत मासे मरून वर येऊ लागले. आधी एकदोन, मग पुष्कळ. सकाळी परिपाठाला मुलं रांगेत उभी, आणि मागे टाकीत पांढरी पोटं वर करून तरंगणारी ती पिल्लं. पाण्यातली घाण वाढली होती आणि ती खाणारे जिवाणू अजून आलेच नव्हते. मला कारण माहीत होतं, म्हणूनच जास्त राग आला. काहीच माहीत नसतं तर निदान हळहळून मोकळी झाले असते.

मेलेले मासे काढायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. मी काठीनं ढकलत होते, ते निसटत होते. तेव्हा सातवीतली एक मुलगी पुढं आली. बारीक अंगाची, दोन वेण्या, वर्गात फारशी न बोलणारी. बौद्ध वस्तीतली, वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला आणि थोडी स्वतःची कोरडवाहू. तिनं बाही वर सरकवली, हात घातला आणि एकेक मासा सहज बाहेर काढला. "म्याडम, शेपटीपाशी धरा, मंग सुटत न्हाई," ती म्हणाली. मी धरला. थंड आणि निसरडा. घरी जाऊन मी तीनदा हात धुतले आणि सासूबाईंना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र मी हटून बसले. पाणी पिकल्याशिवाय मासे येणार नाहीत, आणि आले तर मी टाकीला हात लावणार नाही, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. या वेळी उद्घाटन नव्हतं, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. त्या मुलीकडे मी पाणी तपासायचं काम दिलं. लहान काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात बाटलीतले थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. हिरवा गडद झाला तर घाण जास्त, पिवळा राहिला तर पाणी ठीक. ती रोज मधल्या सुट्टीत नळी उन्हाकडे धरून डोळे बारीक करून बघायची आणि मला वर्गाच्या दारातून खुणेनं सांगायची, अजून हिरवं. तिच्याबरोबर आणखी दोघी असायच्या. एक दिवस ती दारात आली आणि खूण न करता नुसती हसली.

मग काही आठवडे जे चांगले गेले ते गेले. मासे टिकले, दाण्यावर तुटून पडायला लागले. टाकीजवळ सावली पडली की वर यायचे. वाफ्यात आम्ही पालक लावला, कोथिंबीर लावली, एका कडेला टोमॅटोची रोपं. पालक असा आला की माझा विश्वास बसेना. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवी, कोवळी. आसपासच्या रानात कापूस वेचून पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि आमच्या मुतारीशेजारी हिरवागार तुकडा. गावातली माणसं येता-जाता कंपाउंडवरून डोकावायची. माती कुठंय, असं विचारायची. माती न्हाई, असं मुलं रुबाबात सांगायची.

पहिला पालक कापला त्या दिवशी तो सरळ शाळेच्या खिचडीत गेला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तो बारीक चिरला, वरून लसणाची फोडणी घातली. मुलांनी मागून मागून खाल्ला. आपण लावलेली भाजी आपल्या ताटात, एवढ्यासाठीच तर हे सगळं होतं. त्या दिवशी परतताना मी स्कूटीवर चक्क गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी एक आजोबा उभे होते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पटका, हातात काठी असूनही तिचा आधार न घेणारे. त्यांची नात सहावीत होती. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, शाळेच्या समितीत त्यांचा मुलगा होता. ते ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की माळकऱ्याच्या लेकराला माशाचं पाणी पाजायचा अधिकार मला कुणी दिला.

मी समजावायचा प्रयत्न केला. पालकात मासा नाही, पाण्यातलं फक्त खत आहे, जसं आपण शेणखत घालतो तसंच. ते म्हणाले, शेण येगळं. मी म्हटलं, येलदरीच्या धरणात मासे आहेत, तेच पाणी पुढं कितीतरी गावांना प्यायला जातं, ते चालतं ना.

"ते देवानं ठेवलेत," आजोबा म्हणाले. "हे तुमी ठेवले."

  त्यांच्यामागे आणखी चारपाच घरं होती, आणि दुपारी त्या घरांतली मुलं ताटं घेऊन बसलीच नाहीत. पायरीवर बसून राहिली, भुकेली. त्यातली बरीचशी आदल्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेणारी होती.

मुख्याध्यापकांनी समिती बोलावली. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना फक्त कुठल्याही गोष्टीचा आवाज होऊ नये असं वाटतं. त्यांनी तोडगा काढला. दोन पातेली करायची. एकात पालक, एकात नाही. ज्याला जे चालतं त्यानं ते घ्यावं. समितीतले सगळे लगेच हो म्हणाले, आणि चहा आला.

मी नाही म्हटलं. दोन पातेली म्हणजे दोन ओळी. आणि त्या दोन ओळींत कोण कोण बसेल, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मासे खाणारी घरं सगळ्याच समाजांत आहेत, माळकऱ्यांच्या शेजारची कितीतरी शेतकरी घरं गुपचूप खातात, पण पालकाच्या पातेल्यासमोर ती घरं आपली मुलं बसू देणार नाहीत. तिथं एकाच वस्तीतली मुलं उरतील. माझ्या शाळेत मी मुलांना नावाच्या पहिल्या अक्षराच्या क्रमानं बसवते, ते यासाठीच. मी हे इतकं उघड बोलले नाही. एवढंच म्हणाले की शाळेत एकच पातेलं राहील. मुख्याध्यापक म्हणाले, मग पालक बाहेर ठेवावा लागेल. मी म्हटलं, ठेवा.

निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. पण तो बरोबर असून मला जो त्रास झाला, तो चुकीच्या निर्णयांनीही कधी झाला नाही.

मुलींना मी सांगितलं की पालक आता खिचडीत जाणार नाही, ज्यांना हवा त्यांनी जुड्या घरी न्याव्यात. नळी तपासणारी ती मुलगी वाफ्यातली पिवळी पानं खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आमच्या घरी चालते, म्याडम," ती म्हणाली. "आमाले वाढा ना. आमी येगळं बसू."

तिनं ते किती सहज म्हटलं. वेगळं बसण्याची तिची तयारीच होती, फक्त पालक मिळावा. मी तिला म्हटलं की मला तुम्हाला वेगळं बसवायचं नाही. ती म्हणाली, बरं. तिला पटलं की नाही ते कळलं नाही. जुड्या मग तिच्या वस्तीतच जात राहिल्या. एकदा त्या आजोबांच्या नातीला मी दप्तरात कोथिंबीर कोंबताना पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

संस्थेला मी सगळं कळवलं. तिकडून आलं की स्थानिक पातळीवर प्रबोधन करावं. प्रबोधनासाठी एक रंगीत तक्ताही आला, त्यात मासा हसत होता.

मी मुलींना तेव्हा एक शब्द दिला होता. मासे मोठे झाले, पावसाळ्यात काढायला आले, की ज्यांच्या घरी चालतात त्यांनी प्रत्येकी एक न्यायचा. भाजी तर सगळ्यांची झाली नाही, निदान मासे तुमचे. पाणी तपासणाऱ्या त्या तिघींनी आपापले मासे ठरवूनसुद्धा ठेवले होते. एकीचा शेपटी फाटलेला, एकीचा सगळ्यात मोठा. नळी धरणारीनं आपला कोणता हे कधी सांगितलं नाही.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. हा सगळा कार्यक्रम ज्यांनी आखला त्यांनी शाळेला सुट्टी असते याचा विचार कुठंच केलेला नव्हता. माशांना सुट्टी नसते. दाणा रोज लागतो, मोटर रोज चालावी लागते. मुख्याध्यापक लग्नसराईत आपल्या गावी गेले. त्या तिघींनी आपणहून काम वाटून घेतलं आणि मी एक दिवसाआड जात राहिले. घरी सगळे म्हणायचे की सरकारनं तुला शिकवायला ठेवलंय की मासे राखायला. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

मे महिन्यात गावातली डीपी जळाली. आमच्याकडे डीपी जळणं म्हणजे काही बातमी नाही. सगळ्यांनी पंखे, कूलर एकदम लावले की ट्रान्सफॉर्मर धूर सोडतो आणि मग गाव आठवडा-आठवडा अंधारात. माणसं ओट्यावर झोपतात. पण पाणी फिरवून त्यात हवा मिसळणारी मोटर बंद झाली की माशांना ओट्यावर येता येत नाही.

दुपारी मला फोन आला. त्या मुलीनं आईच्या फोनवरून केला होता. "म्याडम, मासे वर येऊन राहिले," ती म्हणाली. "तोंड वासून राहिले सगळे."

मी तिला सांगितलं की टाकीतलंच पाणी मगानं उचलून उंचावरून परत टाकत राहा, पाण्यात हवा मिसळली पाहिजे. आणि निघाले. तोंडाला ओढणी गुंडाळून, डांबर चिकटणाऱ्या रस्त्यानं. वाटेत एका बाभळीखाली थांबून फोन केले. मुख्याध्यापकांच्या मागे बँडचा आवाज होता; ते म्हणाले, तुम्ही आहात ना, मग बघा. लाइनमन म्हणाला, डीपी वरून आली की बसवू. इंजिनिअर म्हणाला की बॅटरी द्यायचं आमच्या पुढच्या टप्प्यात आहे. मी म्हटलं, मासे याच टप्प्यात आहेत. त्यानं फक्त सॉरी म्हटलं, आणि मला माहीत होतं की त्याला खरंच वाईट वाटतंय, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

पोहोचले तेव्हा तिघीजणी टाकीभोवती उभ्या होत्या. एक स्टुलावर, दोघी खाली. पाणी उचलायचं, वर न्यायचं, सोडायचं. चेहरे लाल झालेले, फ्रॉक छातीपर्यंत भिजलेले. काही मासे गेलेच होते, ते त्यांनी बाजूला पोत्याखाली झाकून ठेवले होते. मीही बादली घेतली. पाणी कोमट झालं होतं. पंधरावीस बादल्यांनंतर माझे खांदे भरून आले. त्या किती वेळ करत होत्या हे मी विचारलं नाही. पण एवढं दिसत होतं की संध्याकाळपर्यंत आम्ही टिकणार नाही, आणि टिकलो तरी उद्या पुन्हा हेच.

जवळपास खोल, थंड पाणी एकाच ठिकाणी होतं. हळदीच्या पिकासाठी राखलेलं, तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं शेततळं, गावाच्या अलीकडच्या अंगाला. ते त्या आजोबांचं होतं.

दुसरा काही उपाय आहे का याचा मी खरंच विचार केला. नव्हता. मी ओल्या कपड्यांनिशी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीत बाजेवर बसून सुतळी वळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुतळी खाली ठेवली आणि सुनेला मला पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाले, "मारायला ठेवून राहिले का जगवायला?"

"आत्ता तर जगवायला," मी म्हटलं.

"आत्ताचं न्हाई इचारलं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "माझ्या तळ्यात सोडले का मंग ते माझे. जाळं टाकायचं न्हाई, गळ टाकायचा न्हाई. शाळा उघडली तरी परत मागायचे न्हाई. कबूल असंल तर घेऊन या."

ती मुलगी माझ्यामागे अंगणात येऊन उभी होती. मला वाटलं होतं ती टाकीपाशीच आहे. मी वळून तिच्याकडे बघितलं. ती बाजेच्या पायाकडे बघत होती. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? माझ्याकडे मरणारे मासे होते आणि त्यांच्याकडे पाणी होतं.

आजोबांच्या मुलानं ट्रॅक्टर काढला. दुधाच्या कॅन आणि एक निळा ड्रम ट्रॉलीत ठेवला. मुलींनी ओंजळीनं, टोपल्यानं, माझ्या ओढणीनं मासे गोळा केले आणि भरले. ट्रॉलीत त्या कॅनला धरून उभ्या राहिल्या आणि रस्ताभर पाणी ढवळत राहिल्या. तळ्याच्या कडेला कॅन आडवी केली की मासे क्षणभर कडेशीच थांबायचे आणि मग खाली निघून जायचे. आजोबा लांब उभे होते. त्यांनी एकाही माशाला हात लावला नाही, पण शेवटची कॅन रिकामी होईपर्यंत हललेही नाहीत. नंतर ते मुलींना म्हणाले की घरी जाताना विहिरीवर हातपाय धुऊन घ्या. विहिरीवर त्यांची सून स्वतः पाणी शेंदून देत होती. त्या तिघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि हात पुढं केले.

परत टाकीपाशी आलो तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आता थेंब टाकून पाह्याचे का?" सवयीनं म्हणाली असावी. मी नको म्हटलं. वाफ्यातला टोमॅटो दोन दिवसांत वाळून गेला.

जूनमध्ये शाळा उघडली, डीपी कधीच बसली होती, आणि मी संस्थेला नवी बोटुकली आणि एक बॅटरी मागितली. त्याऐवजी टेम्पो आला. त्यांचा कार्यक्रम आता दुसऱ्या तालुक्यात जाणार होता आणि इथलं सामान वापरात नाही अशी कुठंतरी नोंद झालेली होती. मी टेम्पोसमोर उभी राहून भांडले. बंद पडलं कारण तुम्ही वीज धरून चालला होतात. बंद पडलं कारण तुम्ही गावाला विचारलं नव्हतं. मुलींना काम येतं, पाणी तपासता येतं, मासे उचलता येतात, दुसऱ्या तालुक्यात हे सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. टेम्पोवाला बिचारा ऐकून घेत होता, कारण ऐकायला दुसरं कुणी आलंच नव्हतं. मुख्याध्यापकांनी सही केली. मोटर गेली, पाइप गेले, ते भाजक्या मातीचे गोटेही पोत्यांत भरून गेले. टाकीला चीर पडली होती म्हणून ती राहिली.

त्यानंतर हिंगोलीत एका बैठकीला मला बोलावलं, नव्या शाळांच्या शिक्षकांसमोर अनुभव सांगायला. मी जसं झालं तसं सांगायला सुरुवात केली. पाणी पिकण्यापर्यंत पोहोचले होते तेव्हा समोरून एक चिठ्ठी सरकवली गेली, सकारात्मक बोलावे. मी चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली आणि बोलत राहिले. डीपीपर्यंत आले तेव्हा वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. टाळ्या मात्र झाल्या.

मासे तळ्यात चांगले वाढले. चिलापीच ती, पिल्लावर पिल्लं. पावसाळ्यानंतर एकदा आजोबांनी मुद्दाम निरोप पाठवून मला बघायला बोलावलं. ते काठावर उकिडवे बसून भाकरीचे तुकडे टाकत होते आणि पाणी नुसतं उकळल्यासारखं होत होतं. गावातली माणसं रविवारी पोराबाळांना घेऊन बघायला येतात, असं त्यांनी सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात की हे शाळेचे मासे आहेत. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येतही होता, पण त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की तो राग कुठं ठेवावा ते कळेना. मी तुकडे टाकले नाहीत. पुढच्या वेळी पिशवीभर चुरा घेऊन या, असं ते म्हणाले.

या वर्षी गांडूळखताचं परिपत्रक आलं. मुलांचे गट करायचे होते. मी आठवीच्या वर्गात विचारलं, कोण कोण येणार. बरेच हात वर झाले. तिचा झाला नाही. मधल्या सुट्टीत ती ताट धूत होती तिथं मी गेले.

"मला घेऊ नका, म्याडम," मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली.

"काहून?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

ती ताट उलटं करून पाणी निथळत राहिली. "काम आमीच करतो," ती म्हणाली. "पन आमाले कोनी इचारत न्हाई. न इचारता मासे आणले, न इचारता दिले." मग घाईनं म्हणाली की तुमच्यावर राग न्हाई, तुमाले तर तेवढं करावंच लागलं. मोठ्या माणसाला समजावतात तसं.

मी तिला म्हणू शकले असते की या वेळी तसं होणार नाही. पण ते माझ्या हातात होतं कुठं? मी तिचं ताट घेतलं, पुसलं आणि रॅकमध्ये ठेवलं. ती वर्गात गेली.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की गांडूळखत मी घेणार नाही. ते म्हणाले, रात्रभर विचार करा. मी म्हटलं, झाला आहे. मी काम नाकारावं हे त्यांना नवीन होतं, पण त्यांनी ते मराठीच्या सरांना दिलं. सर परवा स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले आणि गांडुळं मिळतात कुठं, असं विचारू लागले. मी त्यांना पत्ता सांगितला. आणि म्हटलं, आणायच्या आधी सुट्टीत त्यांच्याकडे कोण बघणार ते ठरवून घ्या, आणि मुलांना विचारून घ्या. ते म्हणाले, मुलांना काय विचारायचं त्यात.